ऊन कुठवर आलं?

कुणाबद्दल लिहावं एवढी माझी लायकी नाही, हे आधीच कबूल करतो. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मीच पहिला. अर्जांखेरीज मी आजवर काही लिहिलेलं नाही. चुकलं तर सांभाळून घ्या. पण यात माझी एक चूक आहे, म्हणून लिहितो.

शेजारचे आबा दारात आले की आधी भिंतीकडे बघत. चष्म्याची एक काडी मोडलेली होती, तिच्या जागी दोरा होता. तो कानावर सावरत आणि विचारत, “ऊन कुठवर आलं?” उत्तराची वाट न बघता स्वतःच सांगत, “उंबऱ्यापशी. म्हंजी हाय अजून येळ.”

ते दूध सोसायटीचे शिपाई. शाळेचं तोंड न पाहिलेले. दुष्काळात दूध आटलं, तेव्हा सोसायटीनं धारूरच्या घाटाखाली माळावर चारा छावणी काढली आणि पाण्याच्या टाकीवर आबांना बसवलं. जनावरं पाजायला कुणाची पाळी कधी, यावरून रोज मारामारीची वेळ यायची. आबांनी टाकीच्या भिंतीवर कोळशानं रेघा ओढल्या. सावली रेघेवर आली की पुढच्या दावणीची पाळी. त्या वर्षी ढगांची काही अडचण नव्हती.

एकदा चेअरमनचा गडी मधेच बैल घेऊन घुसला. पाठोपाठ चेअरमन स्वतः आले. आबा उठून उभे राहिले, हात जोडले आणि म्हणाले, “साहेब, उन्हाला सांगा. माझं ऐकंना गेलंय ते.” सगळी छावणी हसली. चेअरमनही हसले आणि बैल मागे घेतले.

तुमच्याही गावात असा माणूस असेल. बघून ठेवा त्याला.

यंदा आबांच्या छातीत कफ भरला, ताप उतरेना. मुलगा-सून ऊसतोडीला लांब गेलेले. मी बीडला कॉलेजात, म्हणून आबांच्या बायकोनं, आजींनी, मलाच दवाखान्यात बोलावलं. आबांना आयसीयूत घेतलं. दारातच सिस्टर म्हणाल्या, “चष्मा, कवळी, कानाचं मशीन काही आहे का? लागत असेल तर जवळ राहू द्या.”

मी शिकलेला. मी म्हणालो, “चष्मा आहे, पण ते वाचत नाहीत. लागणार नाही.” हरवू नये म्हणून तो पिशवीत घातला आणि गावच्या जीपनं कपड्यांबरोबर आमच्या घरी पाठवून दिला.

आत खिडकी नव्हती. दिवे सारखे चालू. दिवसातून एकदाच पाच मिनिटं भेटायला सोडत. दुसऱ्या दिवशी सिस्टर म्हणाल्या, “आजोबा झोपत नाहीत. ऊन कुठवर आलं, ऊन कुठवर आलं, एवढंच चालू आहे. आम्ही म्हणतो, झोपा.”

तिसऱ्या दिवशी गेलो तर आबांचे दोन्ही हात पट्टीनं कॉटच्या गजांना बांधलेले. त्यांनी सलाईन उपटलं होतं.

“कोण हाय?” ते माझ्याकडे बघत म्हणाले. “दावं सोड बे. पाळी चुकली माझी. वासरं वरडायलीत, तुला ऐकू येईना का?”

“आबा, मी हाय. शेजारचा.”

“मंग सोड की. बांधून कावून घातलंय मला?”

मी सोडलं नाही. मला भीती वाटली. मग काय सुचलं कुणास ठाऊक, कानाशी वाकून म्हणालो, “आबा, ऊन आत्ता तुमच्या उंबऱ्यापशी आलंय.”

त्यांची ओढाताण थांबली. “मंग हाय अजून येळ,” ते म्हणाले आणि डोळे मिटले. पाच मिनिटं संपली.

बाहेर आजी मला म्हणाल्या, “डोकं फिरलं का रं त्यांचं?” मी डॉक्टरांना गाठलं. ते म्हणाले, “वेड नाही हे. म्हातारं शरीर, ताप, झोप नाही, त्यात दिवस की रात्र कळेना, समोरचं माणूस दिसेना. अशात भान सुटतं. कधी परत येतं, कधी नाही. ओळखीचा आवाज हवा, वेळ सांगत राहायला हवी. चष्मा लागतो का त्यांना?”

“लागतो. मीच घरी पाठवलाय,” मी म्हणालो.

आजींना सांगितलं, “तुम्ही दाराशीच बसा. आत सोडलं की ऊन कुठवर आलंय ते आबांना सांगा. मी चष्मा घेऊन येतो.” पहाटेच्या गाडीनं गाव गाठलं. पिशवी तशीच खुंटीला होती. चष्म्याच्या काचा सदऱ्याला पुसल्या, दोरा झिजला होता तो बदलून घट्ट बांधला. वेळ गेला त्यात. धारूरच्या स्टँडवर बीडची गाडी लागेना. चष्मा रुमालात गुंडाळून हातातच धरला होता.

फोन वाजला. दवाखान्यातल्या कुणाच्या तरी फोनवरून आजी बोलत होत्या.

“चष्मा नगं आणू आता, बाळा.”

मी विचारलं, “कवा, आजी?”

“ऊन दवाखान्याच्या तिसऱ्या पायरीवर आलतं,” त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, “हात सोडलेत त्यांचे आता.”