आईच्या पायाखालच्या फरश्या

मंडळी, वाचनालयाच्या या फळ्यावर मी रोज लढाईच्या बातम्या लिहितो. आज घरचं लिहितोय, राग मानू नका.

माझ्या आईला बरीच वर्षं दिसत नाही. घरातल्या काळ्या दगडी फरश्या टाकीनं घडवलेल्या, खडबडीत. तिला सारखी ठेच लागायची म्हणून पाथरवटांकडून सगळ्या घासून गुळगुळीत करून घेतल्या. तोवर आई सोनगीरला तिच्या बहिणीकडे होती. काल संध्याकाळी तिला घरी आणलं.

आज सकाळी बघतो तर ती माजघरात मधोमध उभी. हात धरला तर म्हणाली (मला ती भाऊच म्हणते), "भाऊ, मी कोठे शे? पायले समदं सारखंच लागस."

जात्यापाशी झिजून पडलेला खळगा, न्हाणीजवळची उंचसखल फरशी, यांच्या खुणेवरून ती घरभर फिरायची. हे मला आज कळलं.

पाथरवट म्हणतो, पुन्हा टाकी मारून देतो. मारेल, पण तीही सगळीकडे सारखीच पडणार.

तेव्हापासून आई खाटेवरून उतरलेली नाही. दुपारी मला म्हणाली, "भाऊ, आते माले आपला घर ली चाल."

तुम्हीच सांगा, कुठे नेऊ तिला?