न्यूट्रलकाका आणि सावलीतली जागा

तुमची गाडी आत्ता कुठे उभी आहे? नाही, गल्ली कुठली, ते विचारलेलं नाही. नक्की कोणत्या चौकोनात, कोणासाठी राखलेल्या जागेवर? चटकन सांगता येत नसेल तर खिडकीतून वाकून एकदा बघून घ्या आणि मगच पुढे वाचा.

टॅक्सी स्टँडवर त्यांना सगळे न्यूट्रलकाका म्हणतात. जन्मभर पेट्रोलची टॅक्सी चालवली आणि जन्मभर एकच कंजूषपणा इमानाने केला. उतार दिसला रे दिसला, की गियर काढून न्यूट्रल. गाडी आपल्या वजनाने खाली घरंगळणार, इंजिन नुसतं गुरगुरणार, आणि काकांच्या चेहऱ्यावर फुकटात जेवल्याचं समाधान. मागे बसलेलं गिऱ्हाईक टरकायचं. काका आरशातून त्याच्याकडे बघून म्हणायचे, “बसा निवांत. ब्रेक माझा आहे, उतार सरकारचा आहे.”

मग एक दिवस फर्मान आलं, की जुनी पेट्रोल टॅक्सी मोडीत काढा आणि नवी घ्यायची तर बॅटरीची घ्या. काकांनी कुरकुर केली नाही. शहराची हवा सडलीय हे त्यांना वर्तमानपत्रातून कळायची गरज नव्हती. संध्याकाळी नाक शिंकरलं की रुमालावर काळा चिकट गोळा यायचा. बायको तो रुमाल चिमटीत धरून बादलीत टाकायची आणि म्हणायची, “अहो, तुम्ही गाडी चालवता की धुराडं साफ करता?” त्यामुळे बॅटरीची गाडी आली तेव्हा घरात बरंच वाटलं. शोरूममधल्या विक्रेत्याने टाय सैल करत काकांना एकच धडा दिला: “काही वेगळं नाही काका, चालवायला अगदी तश्शीच.” खेटून फोटो काढला, किल्ली दिली आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला.

काकांनीही ती तश्शीच चालवली. उतार आला की बटण फिरवून न्यूट्रल. आवाज नाही, गुरगुर नाही, गाडी लोण्यासारखी खाली. काका खूष.

घरात काकांची थोरली बहीण असते, अक्का. तिच्या दोन्ही किडन्यांनी काम सोडलंय. आठवड्यातून तीनदा तिला डायलिसिसला न्यावं लागतं. हॉस्पिटल समोरच्या टेकाडावर, आणि काकांची इमारत अलीकडच्या टेकाडावर. मध्ये नाला, तोही असा, की पुलावरून जाताना गाडीच्या काचा चढवल्या तरी वास पायपुसण्याखालून आत येतो. म्हणजे जाताना एक उतार, एक चढ. येताना पुन्हा तेच. अक्का मागच्या सीटवर आडवी व्हायची, ओढणी नाकाला लावायची आणि म्हणायची, “पूल आला का रे? मग मी अजून जिवंत आहे.”

एवढ्या एका फेरीला बॅटरी भरलेली पाहिजे, बस. बाकी दिवसाचा धंदा पुढेमागे झाला तरी चालेल. पण अक्काची फेरी चुकली की तिच्या अंगात पाणी साठतं, पाय सुजून टम्म होतात, दम लागतो. दुसरी फेरी चुकली तर काय होतं ते डॉक्टरने काकांना बाजूला घेऊन सांगितलं होतं.

गाडी भरायला इमारतीत चार्जिंग पॉइंट होता. होता म्हणजे काय, थाटात होता. मैदानाच्या कोपऱ्यात हिरव्या पत्र्याची शेड, खांबावर चार्जरची पेटी, जमिनीवर हिरवा चौकोन, वर फलक: ‘उद्याच्या पिढीसाठी’. सोसायटीच्या सेक्रेटरीसाहेबांनी रिबीन कापली, भाषण ठोकलं, अर्धा तास हवेचं महत्त्व सांगितलं. फोटो लिफ्टमध्ये लागला. अजून आहे. त्याच्या काचेवर कोणीतरी पान खाऊन बोट पुसलंय.

आणि दुसऱ्या दिवसापासून त्या हिरव्या चौकोनात सेक्रेटरीसाहेबांची पेट्रोलची धुडासारखी गाडी उभी राहायला लागली.

का, तर सावली. मैदानात दुसरीकडे ऊन असतं. सीटचं कातडं तापतं आणि साहेबांच्या मांड्यांना चटका बसतो. काकांनी बेल वाजवली. साहेब दात कोरत दारात आले.

“साहेब, गाडी जरा बाजूला घेता? उद्या अक्काला न्यायचंय.”

“हो हो, घेतो की. जेवण होऊ दे.”

जेवण झालं, झोप झाली, गाडी तिथेच. काका पुन्हा गेले. तेव्हा साहेब म्हणाले, “अहो, तुमची एकच तर बॅटरीची गाडी आहे इमारतीत. एकासाठी जागा अडवून ठेवायची, हे लोकशाहीत बसतं का?”

लोकशाही! स्वतःच्या बुडाला गार लागावं म्हणून या माणसाने लोकशाही काढली. हे ऐकून ज्याला मळमळत नाही त्याचं पोट दगडाचं असलं पाहिजे.

काकांनी मग तिसऱ्या मजल्यावरच्या आपल्या खिडकीतून वायर सोडली. दोन दिवस गाडी कशीबशी भरली. तिसऱ्या दिवशी वायर तुटलेली, नीट पकडीने कापलेली. लिफ्टमध्ये, त्या फोटोच्याच खाली, सूचना: आगीचा धोका असल्याने खिडकीतून वायर सोडू नये. बायकोने तो तुकडा हातात घेतला आणि म्हणाली, “धोका होता तर सांगायचं होतं. चोरासारखं कापायचं कशाला?”

मग काका मिळेल तिथे मिळेल तेवढी गाडी भरायला लागले. बाजारापलीकडच्या सार्वजनिक चार्जरवर रांग, मुताऱ्यांच्या शेजारी, पायाखाली ओल आणि डोक्यावर माश्या. दोनातला एक चार्जर बंद. चालू असलेल्याची गन, म्हणजे गाडीत खोचायचं तोंड, धरली की हाताला कसलंतरी चिकट लागायचं. कसलं ते काकांनी कधी वास घेऊन बघितलं नाही. एका सकाळी तिथेही तासभर उभं राहून जेमतेम चार्ज मिळाला, आणि अक्काची वेळ झाली.

“पुरेल,” काका म्हणाले. “उतारावर न्यूट्रल मारतो, वाचेल तेवढं वाचेल.”

गाडी उतरली, पूल ओलांडला, आणि समोरच्या चढावर अर्ध्यात बसली. पडद्यावर बॅटरी संपत आल्याचं लाल कासव आलं आणि मग तेही गेलं. मागून हॉर्न. अक्का डोळे मिटून म्हणाली, “अरे, ढकलायला मी उतरू का?”

“गप बस गं अक्का.”

स्टँडवरची चष्मेवाली मागून येत होती. टॅक्सी चालवणारी पोरगी, तिची गाडी अजून पेट्रोलवरच. तिने अक्काला आपल्या गाडीत घेतलं, वर पोचवलं आणि परत येऊन दोघा-तिघांना हाताशी धरून काकांची गाडी कडेला ढकलली. ढकलायला न्यूट्रल लागतो. त्या गाडीत न्यूट्रल खऱ्या अर्थाने कामाला आला तो पहिल्यांदा तेव्हाच.

“काका, एवढा चार्ज जातो कुठे तुमचा?” तिने विचारलं.

“कंपनीने फसवलंय, दुसरं काय. मी तर उतारावर न्यूट्रलच टाकतो.”

चष्मेवाली आधी हसली, मग थांबली. “अहो काका, ही बॅटरीची. उतारावर नुसता पाय उचलायचा. चाकं फिरतात, बॅटरी थोडी थोडी भरते. तुम्ही न्यूट्रल टाकून ते भरणंच बंद करता. माझ्या भावाकडे आहे ना, तो रोज सांगत असतो.”

जन्मभराची हुशारी, आणि तीच उलटी. पण माणूस सरळ. दुसऱ्या दिवशी स्टँडवर स्वतःच सगळ्यांना सांगितलं, “पोरांनो, मी गाढव होतो. उतारावर गियर काढू नका.” सगळे हसले. टोपणनाव मात्र तेच राहिलं.

ही गोष्ट इमारतीत पोचायला काय वेळ लागतो? रविवारी मीटिंग होती. काकांनी उभं राहून एवढंच म्हटलं, “माझी चूक होती, मी सोडली. आता साहेबांनी चौकोन सोडावा. अक्काची फेरी चुकता चुकता राहिलीय.”

सेक्रेटरीसाहेबांचा चेहरा उजळला. “ऐकलंत ना? स्वतःच कबूल करतायत. गाडी यांना चालवता येत नाही आणि दोष आमच्या पार्किंगला.” मग चष्मा पुसत: “आधी शिका, मग मागा.”

खुर्च्यांमध्ये हशा. त्यात अशीही तोंडं होती, जी अक्काने घरी केलेला खाऊ वर्षानुवर्षं गिळत आली होती. माणसाने खरं बोलावं आणि त्याच खऱ्याची दोरी करून त्याच्या गळ्याला लावावी, हे करायला फार मोठा गुन्हेगार लागत नाही. सभ्य कपडे घातलेले चार शेजारी पुरतात.

मंगळवारी सकाळी काकांनी आपली टॅक्सी साहेबांच्या गाडीच्या नाकासमोर आडवी लावली. चार्जरची गन ओढली, केबल साहेबांच्या चकचकीत बॉनेटवरून पलीकडे नेली आणि टॅक्सीत खोचली. गन टॅक्सीत लॉक झाली, दिवा लागला. काकांनी किल्ली खिशात टाकली आणि स्टूल घेऊन तिथेच बसले. साहेब ऑफिसला निघाले, बॅग हातात.

“हे काय? काढा गाडी.”

“काढतो की. भरू दे.”

“मला उशीर होतोय.”

“मलापण रोज व्हायचा, साहेब. एकाच गाडीसाठी चार्जिंग तोडायचं, हे लोकशाहीत बसतं का?”

गॅलरीतून बायका बघत होत्या. कोणीतरी टाळी वाजवली, लगेच थांबवली. साहेब रिक्षाने गेले. अक्का त्या दिवशी वेळेवर पोचली. उतारावर काकांनी नुसता पाय उचलला आणि बॅटरीचा आकडा एकाने वाढलेला अक्काला दाखवला. ती म्हणाली, “बघ, नाल्याने आपल्याला आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी दिलं.”

संध्याकाळी परत आले तर चार्जरचा फ्यूज काढलेला. कमिटीने ठरवलं होतं, वाद मिटेपर्यंत पॉइंट बंद. फलक तसाच, ‘उद्याच्या पिढीसाठी’. खाली सावलीत साहेबांची गाडी, टायरशी तेलाचा काळा ओघळ, हिरव्या रंगावर पसरत चाललेला.

काका आता उजाडायच्या आत मुताऱ्यांजवळच्या रांगेत जाऊन उभे राहतात. अक्का त्यांना म्हणते, “मी गेले की तुझी गाडी कायम भरलेली राहील बघ.” काका या एका विनोदाला हसत नाहीत.

सेक्रेटरीसाहेब हे वाचणार नाहीत. पण तुम्ही वाचताय, आणि असा एक हिरवा चौकोन तुमच्याही इमारतीत, ऑफिसात, हॉस्पिटलच्या आवारात असेल. त्यात तुमची पेट्रोलची गाडी उभी असेल, ‘पाच मिनिटांसाठी’ का होईना, तर हे बाजूला ठेवा. किल्ली घ्या, खाली उतरा आणि ती गाडी काढा. उन्हात लावा. सीट तापली तर तापू द्या.