दोर कुणाच्या हाती

आष्ट्याच्या आसपास विहिरीत काहीही पडलं, की बुडी मारून ते काढायला त्या एकाच पाणबुड्याला बोलवायचे. उतरण्याआधी तो कानांत तेल घालायचा, कमरेला दोर बांधायचा आणि त्याचं दुसरं टोक एखाद्या वाटसरूच्या हाती द्यायचा. मालकाच्या हाती कधीच नाही.

"ज्याची मोटर, त्यानं दोर धरायचा न्हाई. त्येचं ध्यान मोटरीवर असतंय," तो म्हणायचा. मालक चिडायचे. तो कान चोळत हसायचा.

बाहत्तरच्या दुष्काळात मी माझी विहीर आणखी खोल खणली होती. पुढं तिच्यात माझीच पंपाची मोटर पडली आणि तळाच्या कपारीत जाऊन अडकली.

"इतक्या वर्सांची वळख आपली, आन् माझ्यावर भरवसा न्हाई व्हय रं?" मी म्हणालो. कान चोळत त्यानं माझ्याकडं बघितलं. मग दोर माझ्या हाती दिला.

"दोन झटकं आलं की वडायचं, मालक."

त्यानं खाली कपारीत शिरून मोटरीला साखळी बांधली. गड्यांनी ती ओढली. मोटर पाण्याबाहेर आली तसा मी आनंदानं ओरडलो. खाली गाळ उसळला होता, त्याला कपारीचं तोंड सापडत नव्हतं. दोराला झटके कधीपासून बसत होते, मला कळलंच नाही.

ध्यानात आलं तसा दोर ओढून त्याला वर काढलं, तेव्हा त्याच्या नाकातून रक्त येत होतं. मी हात जोडले.

"तुमचं काय चुकलं न्हाई," धापा टाकत, दोर गुंडाळत तो म्हणाला. "मोटर तुमची हाय, ह्ये मीच इसारलो."