मामांना साखर नाही

मधुमेह न होणं ही आपली स्वतःची कमाई आहे असं मानणारा माणूस जगात एकच असेल, आणि तो नेमका माझ्या बायकोचा मामा निघाला. इतर लोक घराचं सांगतात, मुलाच्या नोकरीचं सांगतात. मामा स्वतःच्या रक्ताचं सांगतात. वसईजवळ उमेळ्याला त्यांची केळीची वाडी आहे. आता तिच्या तिन्ही बाजूंना इमारती आल्यात. तिथे राहायला येणाऱ्या प्रत्येक नव्या माणसाला मामा कुंपणावरून पहिला प्रश्न टाकतात, "साखर हाय का तुमाला?" तो बिचारा हो म्हणाला की चेहरा पाडून म्हणतात, "अरेरे! आनि दिसता तर चांगले." लग्नाच्या पंगतीत ते मुद्दाम साखर असलेल्या एखाद्या नातेवाइकाच्या शेजारी बसतात आणि जिलबी इतकी सावकाश खातात, की एकदा एक गृहस्थ ताट उचलून दुसऱ्या रांगेत गेले.

मी राहतो चंदनसारला. आठवडाभर नोकरी मला पिळून काढते आणि रविवारी, जरा आडवं व्हावं म्हणतो तोच मामींचा फोन येतो. मामा-मामींना मूलबाळ नाही. मामी 'या' असं कधी म्हणत नाहीत. "मामा विचारत होते, जावई हल्ली दिसत नायत," एवढंच बोलतात आणि मी निमूटपणे स्कूटर काढतो.

गेल्या वर्षी मामांचे पाय सुजायला लागले. "चपला आखडल्यात," मामा म्हणाले. रात्री आडवं पडलं की दम लागायचा, म्हणून डोक्याखाली एकावर एक उशा आल्या. "आजकाल उशांत कापूसच घालत नायत," मामा म्हणाले. शेवटी मी त्यांना जवळजवळ ओढतच वसई रोडच्या एका डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी तपासण्या करून सांगितलं, की हे हार्ट फेल्युअर आहे. मामींनी तिथेच डोळ्याला पदर लावला. "अगो, मी बसलोय ना समोर!" मामा ओरडले, आणि मग डॉक्टरांकडे वळून म्हणाले, "मी शाळेत पन कधी फेल झालो नाय." बाईंनी समजावलं, की हृदय बंद पडलेलं नाही, दमलंय, रक्त पुढे ढकलायला कमी पडतंय. मीठ कमी, सुकी मासळी बंद, आणि रोज या गोळ्या.

त्यातल्या एका गोळीने घात केला. औषधाच्या दुकानात भर गर्दीत दुकानदाराने ती हातात घेतली आणि मोठ्या आपुलकीने विचारलं, "काका, शुगर कधीपासून?" दुकानात उमेळ्याची निदान अर्धी आळी होती. परतताना स्कूटरवर मागे बसून मामा इतके गप्प होते, की मी दोनदा वळून पाहिलं.

पुढचे काही रविवार मी विचारत होतो, "गोळ्या घेता ना?" आणि मामा मान डोलवत होते. खरं सांगायचं तर ती मान मला पुरत होती. मग एका सकाळी केळीचा घड उतरवताना ते खाली बसले ते उठलेच नाहीत. मी पोचलो तेव्हा दवाखान्यात त्यांच्या नाकाला ऑक्सिजन लावलेला होता. छातीत पाणी साठलं होतं. कशासाठीही कधी कुणाच्या तोंडाकडे न पाहिलेला तो माणूस प्रत्येक श्वासासाठी छताकडे पाहत होता. मामी माझी बाही धरून उभ्या होत्या आणि ती सोडत नव्हत्या.

जरा उतार पडल्यावर मामांनी कबुली दिली. ती एक गोळी ते रोज केळीच्या बुंध्याशी पुरत होते.

"केळीला?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"फेकून कशी द्यायची? औषध हाय." मग हळूच म्हणाले, "माला साखर नाय, बाई. साखरवाल्याची गोळी मी का घ्यायची?"

बाई हसल्या नाहीत, म्हणून मला त्या आवडल्या. त्या खुर्ची ओढून बसल्या. "ही गोळी निघाली साखरेसाठीच, मामा. जास्तीची साखर ती लघवीवाटे बाहेर टाकते. पण साखरवाल्यांना ती देता देता दिसलं, की त्यांची हृदयं सांभाळली जातायत. म्हणून मग साखर नसलेल्या, पण हृदय दमलेल्या लोकांनाही देऊन पाहिली. त्यांनाही गुण आला. आता ती आम्ही हृदयासाठी देतो. तुम्हाला साखर नाही."

"नक्की नाय?"

"नक्की नाही."

"मग त्या दुकानदाराला फोन करा."

मला जमिनीत शिरावंसं वाटलं. पण बाईंनी खरंच फोन लावला, स्पीकरवर. मामांनी डोळे मिटून एखादं कीर्तन ऐकावं तसा तो सगळा खुलासा ऐकला. त्या दिवसापासून त्यांनी एकही गोळी चुकवली नाही.

सूज उतरली. पण मामा पूर्वीचे झाले नाहीत. होतील असं कुणी म्हटलंही नव्हतं. विहिरीपर्यंत चालतात, मधे थांबतात. घड आता दुसरं कुणी उतरवतं आणि मामा त्याला एक शब्दही सुनावत नाहीत, हे मला फार जड जातं. वाडीची एक बाजू विकायची बोलणी चालू आहेत. त्याबद्दलही ते ओरडत नाहीत.

परवाच्या रविवारी मी गेलो, तर ते केळीच्या सावलीत बसले होते. मी हेल्मेट काढलं, घाम पुसला. त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं.

"जावयबापू, तुमी पन दमलेले दिसताय."

मला हे इतक्यात कुणी म्हटलं नव्हतं. मामांनी बाजूची खुर्ची हाताने माझ्याकडे सरकवली. तेवढ्यानेही त्यांना धाप लागली. मी बसलो. मग आम्ही दोघेही समोरच्या इमारतीवर नवा मजला चढताना पाहत राहिलो.