पुसलं की आवाज सरकतो

२००७ च्या मे महिन्यात भोरात आमच्या आळीत बातमी उठली, की वसीम आतार सौदीहून पळून आलाय आणि स्वतःच्याच घरात लपून बसलाय. बातमी बाळाबाईची. म्हणजे सकाळी नळावर निघाली आणि दुपारी एसटी स्टँडवर पोचलीसुद्धा.

"म्या माज्या कानानं ऐकलं," बाळाबाई एक डोळा बारका करून सांगायची. "दुपारचा एक वाजला की चालू. हिकडं बघा. हिकडं बघा. आगं, किती बघायचं मानसानं. पाच वाजलं की गप. श्येटाशी भांडून आला आसंल, दुसरं काय."

तर आवाज वसीमभाईचाच होता. बाळाबाईच्या कानांना नावं ठेवायची सोय नाही. मी गावभर नकला करत हिंडते, मला कळतं. खोटं एवढंच होतं, की माणूस तिथं नव्हता. माणूस दम्मामला होता आणि चार वर्षांत एकदाही घरी आला नव्हता.

जायच्या आधी वसीमभाई लग्नांचं शूटिंग करायचा. भोर, वेल्हे, नसरापूर, राजगडाखालच्या वाड्या, कुठलंही लग्न असो, खांद्यावर कॅमेरा आणि त्याच्यामागं तोंड चालू. "मावशी, पदर सारखा करा. नवरदेव, हिकडं बघा. हिकडं, माज्याकडं. मामा, तुमी न्हाई." हे सगळं टेपमधे भरलं जायचं. लोकांनी कॅसेटी हौसेनं कपाटात ठेवल्या, वेल्ह्याच्या पावसानं त्यांना बुरशी आली, आणि डीव्हीडी निघाल्यावर जो तो कॅसेट घेऊन त्याच दारात यायला लागला. दारात आता सबिहाभाभी उभी असायची. नवरा सौदीला गेला तेव्हा त्यांची पोरगी फौजिया वर्षाची होती. भाभीनं पोर काखेत मारून कॉम्प्युटरचा क्लास केला, एक जोडलेला कॉम्प्युटर पुढच्या खोलीत मांडला आणि खिडकीला पुठ्ठा अडकवला, 'कॅसेटची डीव्हीडी करून मिळेल'.

वेळ एक ते पाच, कारण लाइट एक ते पाच. सकाळी लोडशेडिंग, संध्याकाळी लोडशेडिंग. मधल्या चार तासांत भाभीला डाळ शिजवायची असायची. डाळ म्हणजे रेंडरिंग. कापलेले, जोडलेले, नटवलेले तुकडे कॉम्प्युटर एकजीव करतो, तेव्हा पडद्यावर एक पट्टी मुंगीच्या पावलानं पुढं सरकते. पहिल्या वर्षी ती एकसष्ट टक्क्यांवर यायची, लाइट जायची, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा शून्यापासून. लोकांना हौस मोठी. वधूवर बदामात पाहिजेत, बदामातून गुलाब फुटला पाहिजे, गुलाबाच्या पाकळ्या उडून सासूच्या चेहऱ्यावर बसल्या पाहिजेत. एकेका पाकळीला कॉम्प्युटर धापा टाकायचा. भाभीनं एकेक उपाय शोधून काढला. रेंडरिंग चालू असताना दुसरं काहीच उघडं ठेवायचं नाही. टेप एका डिस्कवरून वाचायची, तयार फिल्म दुसऱ्या डिस्कवर उतरवायची. डब्याचं एका बाजूचं झाकण काढून टेबलफॅन थेट त्याच्या पोटात लावायचा. मे महिन्यात ती स्वतः घामानं निथळायची, पण फॅन कॉम्प्युटरला.

"त्याला ताप आला की तो हळू चालतो," ती म्हणायची. "मला ताप आला तर मी चालतेच की."

आवाजाचं दुखणं निराळं. ओठ हलतात आता, शब्द येतो मग. हे दुखणं ओळखायला ती वैद्यासारखी नाडी बघायची. पहिल्यापासून सारखंच अंतर असेल, तर आवाजाची पट्टी तेवढी पुढं ढकलायची आणि विषय संपला. अंतर हळूहळू वाढत गेलं, तर आवाज एका मापानं भरलाय आणि डीव्हीडी दुसऱ्या मापानं वाजवतेय; तो वेगळा काढून माप बदलून परत शिवायचा. आणि मधेच एकदम उडी मारली, तर टेप आत घेताना कॉम्प्युटर दमून चार चित्रं गिळून बसलाय. तेवढा तुकडा पुन्हा घ्यायचा. जुळलं की नाही हे ती वसीमभाईवर तपासायची. तो म्हणतो "हिकडं बघा", आणि नवरदेव मान वळवतो. मान आधी वळली, की आवाज मागं राहिला. मग तेच दोन सेकंद पन्नास वेळा. हिकडं बघा. हिकडं बघा. बाळाबाईला ऐकू यायचं ते हे.

पालीचे कुंडलिककाका एकदा डीव्हीडी घेऊन परत आले. "आगं माज्या पोरीच्या लग्नात ह्यो कॅमेरावालाच जास्त बोलतोय. नवरदेव तर तोंड उघडंना. ह्याचं बोलनं पुसून टाक की."

"पुसलं की आवाज सरकतो, काका," भाभी मान वर न करता म्हणाली. "मग मंगलाष्टकं भटजी म्हनतील आन् तोंड तुमचं हलंल."

काका चरकले. "मग ऱ्हाऊ दे," म्हणाले.

ही शुद्ध थाप होती. पुसलं तर काही सरकत नाही. मला हे भाभीच्या क्लासमधल्या सरांकडून कळलं, पण मी गप्प बसले, कारण त्याच्या आधी मी एक घाण केली होती. सुट्टी लागल्याच्या पहिल्याच आठवड्यात मी भाभीच्या खिडकीखाली उभी राहिले आणि हुबेहूब वसीमभाईचा आवाज काढला. "भाभी, हिकडं बघा" असं नव्हे. तो बायकोला म्हणेल तसं. "सबिहा, दार उघड."

ती पिठाच्या हातानं बाहेर आली. आधी स्टँडकडं पाहिलं, मग पुलाकडं, आणि शेवटी माझ्याकडं. हसली. "बरा काढलास," म्हणाली आणि आत गेली. कडीला पीठ तसंच राहिलं होतं. आजवर माझ्या नकलेला कुणी दाद दिली की मी तीन दिवस फुगून असते. त्या दिवशी जेवण गेलं नाही.

महिनाअखेरीला नसरापूरचा फारूक सुट्टी संपवून परत दम्मामला निघाला. तो वसीमभाईच्याच खोलीत राहणारा. शनिवारी विमान, म्हणून शुक्रवारी सकाळी त्याच्या हातात डीव्हीडी पोचवायची होती. चाळीस मिनिटांची फिल्म, सगळी फौजियाची. शाळेचं गॅदरिंग, ईदचा नवा फ्रॉक, आणि गेल्या पावसाळ्यात भाटघर धरण भरलं तेव्हाची सहल. धरणाच्या तुकड्यात फौजिया कॅमेऱ्यासमोर येते आणि म्हणते, "अब्बा, धरण भरलं." सगळी फिल्म त्या तीन शब्दांसाठी होती.

नेमकी तिथंच टेप चुरगळलेली निघाली. फौजियाचे ओठ उघडतात, मिटतात, आणि आवाज येतो नुसता "धरण भरलं". पुढचा सगळा आवाजही घसरलेला. घसरलेलं भाभीनं जुळवलं. धरणावर फौजियानं जेवणाच्या डब्याचं झाकण दगडावर आपटलं होतं, त्या ठणक्यावर चित्र आणि आवाज बरोबर बसवले. पण गेलेला शब्द कुठून आणायचा? अख्ख्या टेपमधे फौजिया 'अब्बा' एकदाच म्हणालेली. मग बुधवारी तिला माइकपुढं बसवलं. तिनं हजेरीला ओरडतात तसं "अब्बाऽऽ" केलं. आठ वेळा केलं, आठही वेळा शाळेतलंच. नवव्या वेळी हसत सुटली.

गुरुवार. पाऊण. एकला लाइट येणार, डाळ शिजायला साडेतीन तास.

"मी म्हनू?" मी विचारलं.

भाभीनं माझ्याकडं पाहिलं. मी फौजियाच्या आवाजात म्हणून दाखवलं. आतल्या खोलीतून फौजियाच "काय?" म्हणत बाहेर आली, आपणच आपल्याला हाक मारली असं वाटून.

"वळखतील ते," भाभी म्हणाली.

"न्हाई वळखायचे. वर्साची सोडून गेलेत पोरीला. फोनवर काय खरखर ऐकतात तेवढीच. पैज लाव."

मी हे उत्साहात बोलून गेले. भाभीनं कॉम्प्युटरच्या काळ्या पडद्यावर बोट फिरवलं. पंखा बंद होता.

"लावली," ती म्हणाली. "त्यांनी वळखलं, तर तू त्यांचा आवाज काढायचा न्हाई. कधीच न्हाई."

"आन् न्हाई वळखलं तर?"

"तर कुंडलिककाका म्हनतात तसं. पुसत जाईन त्यांचं बोलनं."

माझ्या जिभेवर आलं होतं, नको. पण एकचा ठोका पडला, लाइट आली, आणि तिनं माइक माझ्यापुढं सरकवला. एका दमात झालं. ओठांवर शब्द असा बसला की मलाच माझा अभिमान वाटला. पावणेपाचला डीव्हीडी बाहेर आली, हाताला गरम लागत होती. सकाळी भाभीनं ती शेवयांच्या डब्याबरोबर फारूकच्या हातात दिली.

वसीमभाईचा फोन दर शुक्रवारी नमाजानंतर यायचा. पुढच्या शुक्रवारी मी मुद्दाम तिथं जाऊन बसले. त्या फोनवर इकडचं बोलणं तिकडं उशिरा पोचायचं, तिकडचं इकडं उशिरा. दोघं एकदम बोलायचे आणि एकदम थांबायचे. म्हणून त्यांची रीत होती. बोलायचं, मनात दोन म्हणायचं, मग ऐकायचं. फोनचा आवाज मोठा, सगळं मला ऐकू येत होतं.

शेवया पोचल्या. फ्रॉकचा रंग चांगला होता. गॅदरिंगमधली मागची पोरगी कुणाची, लई हलत होती. खोलीतल्या सहाही जणांनी फिल्म बघितली, दोनदा. भाभी "व्हय, व्हय" करत होती. धरणाचं तिनं विचारलं नाही. त्यानंही काढलं नाही. फौजिया बोलून खेळायला गेली. मी माझ्या नखांकडं बघत बसले. मी जिंकत होते आणि मला पळून जावंसं वाटत होतं.

"ठेवू मग?" भाभी म्हणाली.

एक. दोन.

"ठेव. आन् सबिहा, ते धरनावरचं अब्बा कुनाचं हाय?"

भाभीनं फोन दुसऱ्या कानाला लावला. "कुनाचं म्हंजे?"

एक. दोन.

"फौजियाचं न्हाई ते. ती अब्बा म्हनायच्या आधी श्वास घेती. दर शुक्रवारी पयला तिचा श्वास येतो, मग ती येती. ह्यात श्वासच न्हाई. ती समोरची नकल्या पोरगी हाय ना?"

दोन म्हणून झालं, चार म्हणून झालं. तिकडून "सबिहा? लाइन हाय का?" असं दोनदा आलं. मग भाभी म्हणाली, "हाय. हितंच हाय," आणि पदरानं आधी फोन पुसला, मग डोळे.

फोन ठेवल्यावर तिनं माझ्याकडं हात पसरला, पैशाची पैज असल्यासारखा. मी त्यावर टाळी दिली.

पैज मी हरले. बाळाबाईचा आवाज काढते, कुंडलिककाकांचा काढते, मुख्याध्यापकांचा तर त्यांच्या खोलीबाहेर उभं राहून काढते. तो एक काढत नाही. तो ऐकायचा असेल, तर दुपारी एक ते पाच आमच्या आळीत यावं लागतं.