कामाची मागणी

माझ्या अक्षराचा मला भारी अभिमान. बोरगाव मेघेच्या आमच्या गल्लीत कुणालाही अर्ज लिहायचा असला, की तो माझ्याच दारात येतो. म्हणून आष्टीकडच्या माहेरी गेले असताना वहिनीने कोरा कागद पुढे केला, तेव्हा मी ऐटीतच पेन उघडलं.

कापसाची वेचणी संपली होती. गावात काम मिळालं नाही तर वहिनी आणि दादा परजिल्ह्यात वीटभट्टीवर जाणार होते. भाची दहावीला. तिला एकटीला मागे ठेवता येणार नव्हतं, म्हणजे तिची परीक्षाच बुडणार. ते टळावं म्हणून गावातल्या बारा बायकांचा हा रोजगार हमीचा अर्ज.

मी सुरेख लिहिलं: 'विनंती अर्ज. कृपा करून आम्हांस काम देण्यात यावे.' शाळेत वर्षानुवर्षं मुलांना हेच शिकवत आले होते.

वहिनी सातवी शिकलेली. वाचून म्हणाली, "बाई, विनंती काऊन? आपण काई भीक मांगून राह्यलो का? मागणी लिवा."

मला राग आला. खरं तर स्वतःचाच. तो कागद फाडला आणि नव्यावर लिहिलं, 'कामाची मागणी'.

ग्रामपंचायतीतला रोजगार सेवक म्हणाला, "ठेवून द्या, पाहू."

"पोच द्या, तारीख टाकून," वहिनी म्हणाली. सही-शिक्क्याची पोच हातात पडेपर्यंत बाराही जणी ओट्यावर ठाण मांडून बसल्या. त्या तारखेपासून पंधरा दिवसांत काम द्यावंच लागतं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. एक मी सोडून.

तेराव्या दिवशी टेकडीवर चर खोदायचं काम निघालं. वहिनी टेकडीवर जाऊ लागली आणि भाची पेपरला. मला इतका आनंद झाला, की मोजमापाच्या दिवशी मी मुद्दाम पुन्हा माहेरी येऊन टेकडी चढले.

एक चर वीतभर उथळ भरला. मजुरी मोजमापावर ठरते, म्हणून मोजायला आलेले साहेब चांगुलपणाने म्हणाले, "जाऊ द्या, पूर्ण लिहून टाकतो." मला तर हायसं वाटलं.

मोजायच्या टेपचं एक टोक वहिनीच्या हातात होतं, ते तिने सोडलं नाही. "नाई जी. काम हक्कानं मांगलं, तं करूनबी पुरं देऊ. थांबा थोडं." आणि बाराही जणी त्या एका चरात उतरल्या.

साहेबांनी पुन्हा मोजलं. आता चर वीतभर जास्तच खोल.

"अहो, एवढा कशाला?"

वहिनी घाम पुसत वर आली. "असू द्या साहेब. वरचा वीतभर आमच्याकडून सरकारले मदत म्हनून लिवा."