लाल दवा आणि लग्नाचं आवतण

मी गोंदियात कमेटीचा इन्स्पेक्टर होतो. नगरपालिकेला तेव्हा सगळे कमेटीच म्हणत. रस्त्यावर आलेला ओटा पाडायला लावणं, तुंबलेल्या नालीबद्दल नोटीस देणं, नासकं दूध ओतून टाकणं, कोणी आडवं आलं तर खटला भरणं, एवढे अधिकार मला होते. पण मी बाजारात शिरलो की हलवाई घाईघाईने जिलबीवर फडकं टाकी आणि चहाच्या दुकानातले लोक अर्धा कप ठेवून उठत. दोन वर्षांत मला एकाही घरचं आवतण आलं नव्हतं. स्वभावाने मी आधीच तापट, त्यात एकटा. भिंतीशीसुद्धा भांडलो असेन.

माझ्याशी धड बोलणारी एकच होती. खोलीपासून तीन घरं पलीकडे एक विधवा म्हातारी राहायची, तिच्याकडे माझं दोन वेळचं जेवण होतं. ती मला बापू म्हणे आणि नको म्हटलं तरी भात वाढी. उन्हाळ्यात तिच्या मुलाचं लग्न ठरलं. महिनाभर आधीच तिने सांगून ठेवलं, "बापू, पयल्या पंगतीत बसाचं हाय तुमाले. मी सोता वाढीन." त्या दिवशी मी उगाचच पेटीतलं ठेवणीतलं धोतर काढून पाहिलं.

लग्नाला चार दिवस उरले आणि रेल्वे लाइनीपलीकडच्या वस्तीत हैजा, म्हणजे कॉलरा, लागला. कमेटीचा हुकूम निघाला: प्रत्येक विहिरीत जंतू मारणारी लाल दवा टाकायची आणि रंग उतरेपर्यंत पाणी कोणी भरायचं नाही. मी शिपायाला घेऊन गल्लोगल्ली फिरलो. लोक शिव्या देत होते, बाया दोर लपवत होत्या. एका किराणा दुकानदाराने तर हसत तोंडावर विचारलं, "बुढ़िया का कुआँ कब होगा, साहब?" तिची विहीर मी शेवटी ठेवली होती, हे खरं होतं.

शेवटी गेलो तो नेमका हळदीच्या सकाळी. तिकडे नवरदेवाच्या हळदीला घरच्याच विहिरीचं पाणी लागतं, पाच सवाष्णी ते भरतात. त्या घागरी घेऊन विहिरीपाशी उभ्याच होत्या. म्हातारी पुढे आली.

"आज नोका टाकू, बापू. लगन होऊन जाऊ द्या. दोन दिवसानं कोन पाहून राहिलं?"

"हुकूम आहे."

"काऊन असं करून राहिले? घरचेच ना तुमी?"

घरचे या शब्दाने मला हायसं वाटायला हवं होतं. मला मात्र त्यात दुकानदाराचं छद्मी हसू ऐकू आलं. मी सगळ्या बायांसमोर म्हणालो, "म्हणून आवतण दिलं होतं का मला?"

ती बाजूला झाली. शिपायाने दवा ओतली. पाणी जांभळट लाल झालं आणि सवाष्णी रिकाम्या घागरी घेऊन दूरच्या तलावाकडे निघाल्या. आवतण दिलं तेव्हा गावात हैज्याचं नावही नव्हतं, हे मला खोलीवर आल्यावर सुचलं. दवा टाकली याचं मला आजही वाईट वाटत नाही. ते एक वाक्य मात्र मला अजून झोपू देत नाही.

माफी मागायला जायचं, असं मी दोन दिवस घोकत होतो. पाय उचलला नाही. जेवायलाही गेलो नाही, फुटाणे खाऊन काढले.

लग्नाच्या दिवशी दुपारी नवरदेवाचा मामा माझ्या दारात आला. हातात पळसाच्या पत्रावळीवर वाढलेलं पान, वर दुसरी पत्रावळ झाकलेली. "बहिणीनं पाठवलं," म्हणाला आणि पान उंबऱ्याच्या आत ठेवून गेला. भात, वरण, वांग्याची भाजी, दोन बुंदीचे लाडू. सगळं गरम होतं, काही म्हणता काही कमी नव्हतं.

असं पान त्या भागात आजाऱ्याकडे पाठवतात, बाळंतिणीकडे पाठवतात, नाहीतर ज्याच्या घरी सुतक आहे त्याच्याकडे. ज्याला येता येत नाही, त्याला.

मला तर कसलाच आजार नव्हता. तीन घरं पलीकडे पहिली पंगत बसली होती, वाढणाऱ्यांचे आवाज माझ्या खोलीत येत होते. ठेवणीतलं धोतर नेसून मी तयार बसलो होतो. मी दार लावलं आणि ते पान एकट्याने जेवलो.